विंडोज, लिनक्स आणि एकच लॉगिन: छोट्या ऑफिसात रोमिंग प्रोफाइल कसं लावावं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ऑफिस, खडेबाजारातलं घाऊक दुकान किंवा निपाणी-चिकोडीकडची एखादी पतसंस्था, यांपैकी कुठं तुम्ही नुकतेच ‘सिस्टीम बघायला’ लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडच्या ऑफिसात आता एकाच जातीची मशिनं क्वचितच सापडतात. अकाउंट्सवाल्यांना टॅलीसाठी विंडोज लागतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि जुन्या पीसीत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळं ते विंडोज ११ घेत नाहीत. म्हणून पत्रव्यवहार आणि ब्राउझरपुरत्या वापरायच्या मशिनवर लिनक्स टाकलं जातं. त्यात मालकांची किंवा मॅनेजरची एकच साधी अपेक्षा असते: कुठल्याही टेबलावर बसलं तरी आपलं सगळं समोर दिसलं पाहिजे. विंडोजमध्ये याच सोयीला रोमिंग प्रोफाइल म्हणतात.

ही अपेक्षा रास्त आहे आणि पुरीही करता येते. मात्र ‘सगळं’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. माझं म्हणणं पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. माणसाचं लॉगिन सगळीकडं एक असावं, त्याची कागदपत्रं एकाच जागी असावीत, पण सेटिंग मात्र प्रत्येक सिस्टीमची वेगळी राहू द्यावी. विंडोजचं प्रोफाइल आणि लिनक्सचं होम (तिथलं प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) एकाच फोल्डरात कोंबायला जाऊ नका. दोघांची घडण वेगळी आहे आणि त्यातून कुणाचाच फायदा होत नाही.

प्रोफाइल म्हणजे नक्की काय

विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरात प्रत्येकाच्या नावाचं जे फोल्डर असतं, ते त्याचं प्रोफाइल. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असतात आणि एनटीयूजर डॉट डॅट नावाची एक लपलेली फाइल असते. त्या माणसाची रजिस्ट्री, म्हणजे त्याच्या सेटिंगची नोंदवही, ती ही फाइल. वॉलपेपर, कीबोर्ड, प्रिंटर, प्रोग्रामांच्या आवडीनिवडी सगळं तिच्यात असतं. शिवाय अ‍ॅपडेटा नावाचं फोल्डर असतं आणि त्याचे तीन भाग पडतात: रोमिंग, लोकल आणि लोकललो. यांतला फक्त रोमिंग हा भाग माणसाबरोबर फिरतो, बाकीचे दोन त्या मशिनवरच राहतात. फायरफॉक्सचं प्रोफाइल रोमिंगमध्ये असतं म्हणून ते फिरतं. क्रोमचं लोकलमध्ये असतं म्हणून फिरत नाही. ‘फायरफॉक्सचे बुकमार्क आले, क्रोमचे का नाही?’ हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाणार, तेव्हा उत्तर हे आहे.

रोमिंग प्रोफाइल चालतं ते असं. लॉगिन करताना सर्व्हरवरची प्रत मशिनवर उतरते, दिवसभर काम त्या मशिनवरच्या प्रतीत होतं आणि लॉगऑफ करताना बदललेलं सगळं परत सर्व्हरवर जातं. पुढं ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक या दोन वेळच्या ने-आणीतून येतात. प्रोफाइल दोन जीबीचं झालं की सकाळी नऊ वाजता दहा जण एकदम लॉगिन करतात आणि सगळ्यांच्या पडद्यावर ‘वेलकम’ फिरत बसतं.

म्हणून सुरुवात करण्याआधी विचारा, रोमिंग खरंच हवं आहे का? प्रत्येकजण रोज आपल्याच टेबलावर बसत असेल तर नको. तिथं कागदपत्रं सर्व्हरवर वळवली की पुरे. काउंटरवर पाळीपाळीनं बसणारे कर्मचारी, शिफ्टमध्ये एकच पीसी वापरणारे स्टोअरवाले, अशा ठिकाणी रोमिंगचा खरा उपयोग होतो.

पाया: डोमेन, डीएनएस आणि घड्याळ

लॉगिन एक करायचं तर डोमेन हवं, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड एका सर्व्हरवर ठेवून बाकीची मशिनं त्याला जोडायची. विंडोज सर्व्हर घेतलात तर उत्तम. खर्च परवडत नसेल तर लिनक्सवर सांबा हा सर्व्हर-प्रोग्राम वापरा. डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून सांबा मायक्रोसॉफ्टच्या डोमेन व्यवस्थेचा म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर) म्हणून काम करतो आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे एका जागेवरून सगळ्यांना लावायचे नियमही विंडोज मशिनपर्यंत पोचवतो. त्याची व्यवस्था एखाद्या विंडोज प्रो मशिनवरून नेहमीच्याच टूल्सनी करता येते. शक्य असेल तर डोमेन कंट्रोलर आणि फाइल सर्व्हर वेगवेगळ्या मशिनवर ठेवा.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट पक्की बघा. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते. दुकानातून आलेल्या स्वस्त लॅपटॉपवर बहुतेक वेळा होमच असते आणि हे बिल झाल्यावर लक्षात येतं.

डीएनएस, म्हणजे नावावरून मशिनचा पत्ता सांगणारी सोय, हा दुसरा मुद्दा. इंटरनेटवाल्यानं बसवलेला राउटर सगळ्या मशिनना स्वतःचा किंवा बाहेरचा डीएनएस देतो. तसं राहिलं तर मशिनला डोमेन सापडतच नाही. डीएचसीपीमध्ये (मशिनना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) डीएनएस म्हणून डोमेन कंट्रोलरचाच पत्ता द्या. ‘दुसरा’ म्हणून बाहेरचा पत्ता टाकायचा मोह आवरा, कारण मशिन कधी कुठला पत्ता विचारेल याचा भरवसा नसतो आणि मग कधी लॉगिन होतं, कधी होत नाही, असा चकवा लागतो.

घड्याळाकडं मात्र नवीन माणसाचं लक्षच जात नाही. डोमेनचं लॉगिन कर्बेरॉस या ओळख तपासायच्या पद्धतीवर चालतं आणि मशिनच्या व सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ते नकार देतं. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. लाईट गेली आणि आली की तारीख कित्येक वर्षं मागं जाते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि दोष सर्व्हरवर येतो. सगळी जुनी मशिनं उघडून सीआर२०३२ सेल बदलून घ्या. फार थोड्या पैशांत महिनोन् महिन्यांचा त्रास वाचतो.

सर्व्हरवर तीन वेगळ्या जागा

शेअर म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारं सर्व्हरवरचं फोल्डर. एक शेअर प्रोफाइलांसाठी, दुसरा कागदपत्रांसाठी आणि तिसरा सगळ्यांच्या सामायिक फायलींसाठी. एकाच शेअरमध्ये सगळं टाकलं तर परवानग्यांचा गुंता होतो आणि पुढं तो सुटत नाही.

प्रोफाइलच्या शेअरच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह द्या म्हणजे तो नेटवर्कमध्ये सहज दिसत नाही. वरच्या फोल्डरवर साध्या युजरला फक्त नवीन फोल्डर करण्याचा हक्क असावा. त्यानं केलेल्या फोल्डरात मात्र पूर्ण हक्क त्याचाच. युजरचं फोल्डर तुम्ही हातानं आधी बनवून ठेवू नका, पहिल्या लॉगिन-लॉगऑफमध्ये विंडोज स्वतः बनवतं आणि मालकी बरोबर लावतं. या शेअरवर ऑफलाइन कॅशिंग (फायलींची प्रत मशिनवर साठवून ठेवणं) बंद करायला विसरू नका. सांबात त्यासाठी शेअरच्या भागात सीएससी पॉलिसी डिसेबल करावी लागते.

अजून एक काम पहिल्या लॉगिनच्या आधीच करायचं. ‘अ‍ॅड द अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स सिक्युरिटी ग्रुप टू रोमिंग युजर प्रोफाइल्स’ ही पॉलिसी चालू करा. नाहीतर युजरच्या प्रोफाइल फोल्डरात अ‍ॅडमिनलाच शिरता येत नाही. ही पॉलिसी नवीन बनणाऱ्या फोल्डरांनाच लागू होते, म्हणून उशीर केला तर जुन्यांची मालकी एकेक करून बदलत बसावं लागतं.

आधी कागदपत्रं वळवा, मग रोमिंग

हा क्रम उलटा करू नका. आधी ग्रुप पॉलिसीतल्या फोल्डर रिडायरेक्शननं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवरच्या कागदपत्रांच्या शेअरकडं वळवा. मग ते फोल्डर प्रोफाइलचा भाग राहत नाहीत, लॉगिनच्या वेळी कॉपी होत नाहीत आणि प्रोफाइल हलकं राहतं. तिथं ‘युजरला एकट्यालाच हक्क’ अशा अर्थाची एक खूण आपोआप केलेली असते. ती काढून टाका, नाहीतर बॅकअप घेताना अडाल. अ‍ॅपडेटा वळवू नका. बरेच प्रोग्राम त्यामुळं रडतात.

डाउनलोड्सचं काय? ते फोल्डर प्रोफाइलचाच भाग असल्यानं त्याच्याबरोबर फिरतं. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले फोटो, बँकेची स्टेटमेंट्स, दहादा उतरवलेलं एकच पीडीएफ असं सगळं त्यात साठतं. पॉलिसीनं त्याला रोमिंगमधून वगळा. पण लॉगऑफनंतर मशिनवरची प्रत पुसून टाकायची पॉलिसीही तुम्ही लावलेली असेल, तर वगळलेलं डाउनलोड्स लॉगऑफ होताच कायमचं जातं. म्हणून कर्मचाऱ्यांना आधी सांगा आणि नंतरच लावा.

रिडायरेक्ट केलेले फोल्डर विंडोज आपणहून ऑफलाइन ठेवायला बघतं. लॅपटॉपवर ते बरं. पण दहा जण वापरतात त्या काउंटरच्या पीसीवर दहा जणांच्या कागदांच्या प्रती साठत जातात, म्हणून टेबलावरच्या मशिनवर हे बंद करा.

आता प्रोफाइल पाथ

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्समध्ये युजर उघडा, प्रोफाइल टॅबवर जा आणि प्रोफाइल पाथमध्ये सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव आणि शेवटी टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये युजरनेम हा शब्द इंग्रजीत टाका. ओके केलं की त्या जागी त्याचं लॉगिन नाव आपोआप येतं.

सर्व्हरवर जे फोल्डर बनेल त्याच्या नावामागं व्ही आणि एक आकडा लागलेला दिसेल. तो विंडोज लावतं, तुम्ही पाथमध्ये लिहायचा नाही. विंडोज ७ला व्ही२, विंडोज ८.१ला व्ही४, विंडोज १०च्या पहिल्या दोन आवृत्त्यांना व्ही५ आणि १६०७ या आवृत्तीपासून पुढं व्ही६. विंडोज ११ सुद्धा व्ही६च वापरतं. यावरून उमगेल की विंडोज ७वरची सेटिंग विंडोज ११वर दिसणार नाहीत, कारण फोल्डरच वेगळं आहे. ती चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. कागदपत्रं वेगळ्या शेअरवर वळवलेली असल्यामुळं ती दोन्हीकडं तीच दिसतात.

एकच माणूस दोन मशिनवर एकाच वेळी लॉगिन राहिला तर? जो शेवटी लॉगऑफ करतो त्याची रजिस्ट्री सर्व्हरवर टिकते, आधीच्याची जाते. सकाळी काउंटरवर स्क्रीन लॉक करून दुपारी आत जाऊन दुसऱ्या मशिनवर बसणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. कर्मचाऱ्यांना एवढं एक शिकवाच: जागा बदलताना लॉक नको, साइन आउट.

लाईट गेली आणि पीसी तसाच बंद पडला तर लॉगऑफ झालाच नाही, म्हणजे दिवसभरातलं सेटिंगही सर्व्हरवर गेलं नाही. इथं फारसा कुणाला माहीत नसलेला एक उपाय आहे. लॉगिन चालू असतानाच रजिस्ट्रीची फाइल ठरावीक वेळानं सर्व्हरवर पाठवायची पॉलिसी विंडोज ७पासून उपलब्ध आहे. ती लावा. आणि यूपीएसला फक्त पीसी जोडून भागत नाही, नेटवर्कचा स्विचही (सगळ्या केबली जिथं जुळतात तो डबा) जोडा. पीसी चालू आणि स्विच बंद अशा वेळी लॉगऑफ केलं की प्रोफाइल अर्धवट राहतं.

लिनक्सची मशिनं

लिनक्स मशिन एसएसएसडी हा लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम वापरून डोमेनला जोडा, म्हणजे तेच नाव आणि तोच पासवर्ड तिथंही चालेल. सगळ्या लिनक्स मशिनवर एकच पद्धत ठेवा. काहींवर एसएसएसडी आणि काहींवर विनबाइंड हा तसाच दुसरा प्रोग्राम असं केलं तर एकाच माणसाचे युजर क्रमांक वेगवेगळे निघतात आणि फाइल कुणाची यावरून घोळ होतो. एसएसएसडीत पासवर्ड साठवून ठेवायची सोय आहे, ती चालू केली तर सर्व्हर बंद असतानाही लॉगिन होतं.

होम फोल्डर मशिनवरच ठेवा, पहिल्या लॉगिनला ते आपोआप बनेल अशी तरतूद करा आणि सर्व्हरवरचा कागदपत्रांचा शेअर त्यात जोडा. मग डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप या नावांनी काय उघडायचं, हे होममधल्या यूजर-डर्स या छोट्या सेटिंग फाइलमध्ये बदलता येतं. युजरला विंडोजवर जे डॉक्युमेंट्स दिसतं तेच लिनक्सवरही दिसतं आणि त्याला तेवढंच हवं असतं. अख्खं होमच नेटवर्कवर ठेवलेलं पाहिलं आहे, पण ब्राउझर आपली माहिती एसक्यूलाइटच्या (छोट्या डेटाबेसच्या) फायलींत ठेवतो आणि नेटवर्कवरून त्यांचं लॉकिंग (एका वेळी एकानंच लिहावं ही व्यवस्था) बिनसतं. लहान ऑफिसानं त्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या भाषेला भिडणारी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती इंग्रजीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. विंडोजवर ती २५५ अक्षरचिन्हांची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो म्हणून त्यांना फरक जाणवत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार, पायमोडीचं चिन्ह हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. म्हणजे लिनक्सवर मराठी नाव जेमतेम ८५ चिन्हांत आटपावं लागतं. पतसंस्थेतलं हे नाव पाहा: ‘संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अंतिम दुरुस्त प्रत अध्यक्षांच्या सहीसाठी’. वर्डच्या चार अक्षरी शेपटीसह हे २४२ बाइट होतं, कसंबसं मावतं. त्यात कुणी ‘सन २०२४-२५’ एवढं जोडलं की २६९ होतं आणि लिनक्सचा सर्व्हर फाइल घ्यायला नकार देतो. विंडोज मशिनवर मात्र तीच फाइल आनंदानं सेव्ह झालेली असते. कन्नड लिपीलाही हाच नियम लागू आहे. डेस्कटॉप वळवलेला नसेल आणि अशी एक फाइल तिथं पडून असेल, तर लॉगऑफच्या वेळी प्रोफाइल पूर्ण वर जात नाही. नावं आखूड ठेवायची सवय लावा. आणि लिनक्सवर नाव देताना तिरकी रेघ सोडून बाकी सगळं चालतं, पण विंडोजला अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन (*) आणि दुहेरी अवतरण चालत नाही.

मॅक एखादाच असतो, बहुधा छपाईच्या डिझाइनसाठी. त्याला रोमिंगमध्ये ओढू नका. शेअर जोडून द्या आणि शेअरवर डीएस-स्टोअर नावाच्या मॅकच्या लपलेल्या फायली न टाकण्याचं सेटिंग करा.

मराठी, कन्नड आणि फॉन्ट

आपल्या पट्ट्यातल्या ऑफिसात एकाच टेबलावर ग्राहकाला मराठी पत्र जातं, सरकारी अर्ज कन्नडमध्ये भरला जातो आणि हिशेब इंग्रजीत असतो. कीबोर्डची निवड रजिस्ट्रीत असल्यानं ती विंडोजवर माणसाबरोबर फिरते. लिनक्सवर ती वेगळी लावावी लागते. दोन्हीकडं इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) दिलं तर बोटांची सवय एकच राहते, म्हणून मी नवीन शिकणाऱ्याला इनस्क्रिप्टच द्यायला सांगतो.

फॉन्टमध्ये मात्र मोठा खड्डा आहे. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या युजरनं फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं, तर तो फक्त त्याच्यापुरता बसतो आणि फाइल अ‍ॅपडेटाच्या लोकल भागात जाते. लोकल फिरत नाही. रजिस्ट्रीतली नोंद मात्र फिरते. मग दुसऱ्या मशिनवर नोंद आहे आणि फाइल नाही अशी अवस्था होते. तिथं जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि माणूस घाबरून म्हणतो, “सर, फाइल खराब झाली बघा की!” फाइल ठीक असते. फॉन्ट अ‍ॅडमिननं ‘सर्व युजरांसाठी’ बसवायचे, सगळ्या मशिनवर तेच, आणि लिनक्सवरही मशिनच्या सामायिक फॉन्ट फोल्डरात. नवीन पत्रं मात्र युनिकोडमध्येच लिहायला लावा.

शाखा दूर असेल तर

बेळगावातल्या मुख्य ऑफिसचं प्रोफाइल व्हीपीएनवरून (इंटरनेटमधल्या खासगी जोडणीवरून) खानापूर किंवा अथणीच्या शाखेत उतरवायला जाऊ नका. वेग ५०० केबीपीएसच्या खाली गेला की विंडोज लाइन मंद आहे असं धरून रोमिंग टाळतं आणि मशिनवरची जुनी प्रत वापरतं. शाखेचा छोटा फाइल सर्व्हर शाखेतच ठेवा.

बिघडलं तर

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘डेस्कटॉप मोकळा झालाय’. त्या मशिनवर युजर्स फोल्डरात टेम्प नावाचं फोल्डर दिसलं की समजा, तो तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहे. पहिलं काम: त्याला काम थांबवायला सांगा. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेलं सगळं साइन आउट होताच पुसलं जातं. काही टाइप केलं असेल तर ते आधी सामायिक शेअरवर हलवा.

मग इव्हेंट व्ह्यूअरमधला अ‍ॅप्लिकेशन लॉग उघडा. १५२१ हा क्रमांक दिसला तर सर्व्हरवरची प्रत सापडली नाही, म्हणजे डीएनएस, केबल किंवा परवानगी बघा. १५११ म्हणजे मशिनवरची प्रतही मिळाली नाही म्हणून तात्पुरतं दिलं. रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्टमध्ये त्या युजरच्या नोंदीमागं बॅक अशी शेपटी लागलेली असते, तिथं मूळ नोंद आणि ही नोंद यांचा गोंधळ सोडवावा लागतो. हे करण्याआधी त्या नोंदींची प्रत एक्सपोर्ट करून ठेवा.

मशिनवरची प्रत काढायची असेल तर युजर्समधलं फोल्डर थेट डिलीट करू नका. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर युजर प्रोफाइल्सची यादी असते, तिथून काढा. फोल्डर हातानं काढलं की रजिस्ट्रीत नोंद उरते आणि पुढच्या लॉगिनला पुन्हा टेम्पच येतं.

बॅकअप आणि सुरुवात

प्रोफाइल सर्व्हरवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं कुणाला म्हणू देऊ नका. युजरनं पुसलं की सर्व्हरवरूनही पुसलं जातं, आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरलं तर शेअरवरच्या फायलीही जातात. सर्व्हरवर रोजचे स्नॅपशॉट (त्या क्षणी फायली जशा होत्या त्याची नोंद) चालू ठेवा आणि आठवड्याला एक प्रत अशा डिस्कवर घ्या जी काम झाल्यावर काढून कपाटात जाते. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून बघा.

एकदम सगळ्यांना रोमिंगवर टाकू नका. एक चाचणीचं खातं बनवा आणि दोन विंडोज व एका लिनक्स मशिनवर ते फिरवून बघा. कागद दिसतात का, कीबोर्ड येतो का, लॉगऑफला किती वेळ लागतो, मधेच नेटवर्कची केबल काढली तर काय होतं, हे तपासा. मग एक विभाग घ्या, पहिला अकाउंट्स नको. मार्चअखेरीच्या धामधुमीत आणि जीएसटी रिटर्न भरायच्या दिवसांत यातलं काही हलवू नका. आणि कुणी नोकरी सोडून गेला तर खातं लगेच डिलीट न करता आधी बंद करा, त्याचे ऑफिसचे कागद सामायिक शेअरवर आणा, ते मिळाल्याचं विभागप्रमुखाकडून लेखी घ्या आणि त्यानंतरच प्रोफाइलचं फोल्डर काढा.